शिक्क्यासाठी काढलेला गोल

यमू,

परवा तुझं बारावं झालं. रानशेतला तुझ्या अंगणात मी बाकीच्या बायकांबरोबर पंगतीला बसले. वरण खारट झालं होतं. तू असतीस तर जावेला तोंडावर काही बोलली नसतीस आणि मग पुढचे तीन बाजार मला तेच ऐकवलं असतंस. मी दोन घास कसेबसे गिळले आणि हात धुवायला उठले, तर भावजी समोर आले. सगळ्यांदेखत त्यांनी मला हात जोडले. "बाई, तुमी होतात म्हणून आमची ही शहाणी झाली. गावाच्या कामी आली. तुमचे लय उपकार आहेत."

मी मान हलवली. एरवी माझ्या जिभेला हाड नाही असं तूच म्हणायचीस, पण त्या माणसासमोरून मी खरकटा हात घेऊन मोरीकडे निघाले.

तुझ्या शेवटच्या फोनवर आपण नक्की काय बोललो ते त्यांना माहीत नाही. दीपालीलाही तेव्हा एवढंच ठाऊक होतं की आईने हेमामावशीला फोन केला आणि मावशीने धीर दिला. मी तुला काय सांगितलं ते तुला माहीत होतं आणि मला. परवा त्या अंगणात ते एकटीला मला. ते आठवलं की मला जेवण जात नाही, म्हणून तुझ्याशीच बोलतेय. तुझ्याशिवाय मला ऐकून घेणारं होतं तरी कोण?

सातवीपर्यंत आपण एका बाकावर बसलो. तू वसतिगृहातली, मी किनाऱ्यावरची, आणि माझ्या डब्यातल्या सुक्या बोंबलावर तुझा कायम डोळा. सातवीनंतर तुला घरी बोलावून घेतलं, दोन-चार वर्षांत रानशेतला लग्न लावून दिलं. मी शिकत गेले आणि डहाणूच्या वाचनालयात चिकटले. मधली वीस वर्षं आपण एकमेकींचं तोंडही पाहिलं नाही. मग एका बाजाराच्या दिवशी एक बाई रिकामी पाटी काखेला लावून पायरीवर उभी. मी नेहमीसारखी खेकसले, "पाटी बाहेर ठेवा." तू पाटी मुकाट बाहेर ठेवलीस, आत आलीस, माझ्यासमोरची खुर्ची ओढलीस आणि म्हणालीस, "हेमे, अजून तशीच तुसडी आहेस गं."

त्या दिवशी तू सहज आली नव्हतीस. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर आवाज खाली घेतलास. "एका बाईचं विचारायचं होतं. तिचं अंग बाहेर येतं. वजन उचललं की जास्तच. कोणाला सांगता येत नाय. तुमच्या पुस्तकात असलं काय असतं का?"

मी फाइल काढली. फाइल म्हणजे काय, वाचनालयाचं एक जुनं जाडजूड रजिस्टर, त्याच्या कोऱ्या पानांवर मी वर्तमानपत्रांतली आरोग्याची कात्रणं चिकटवायचे. डॉक्टरांनी लिहिलेली सदरं, प्रश्नोत्तरं, असलं सगळं. घरून खळ करून आणायची, कात्री आणायची आणि वाचक नसले की कापत बसायचं. समितीवाले हसायचे. कादंबऱ्या वाचायला येणाऱ्यांना तिच्याशी काही देणंघेणं नव्हतं. माझ्या त्या फाइलीची पहिली वाचक तू. मी कात्रण वाचून दाखवलं: हा आजार आहे, लाज वाटण्यासारखं काही नाही, यावर उपचार होतात. तू दोनदा वाचायला लावलंस. तिसऱ्यांदा स्वतः वाचलंस, बोट ठेवून, सातवीतल्यासारखं. आणि मग पाटी उचलायला वाकलीस तेव्हा तुझा चेहरा असा काही झाला की मला कळलं, ती बाई तूच.

मी पाटी उचलून दिली आणि त्या बाईला जपायला सांग म्हटलं. पुढच्या महिन्यात तुझ्याबरोबर दवाखान्यात आले, तेव्हाही आपण दोघी "त्या बाईला" घेऊन आल्यासारख्याच वागलो. डॉक्टरीणबाईंनी तुला तपासायला आत घेतलं तरी तू मला डोळ्यांनी खुणावत होतीस की कुणाला सांगू नकोस. ऑपरेशन झालं, तू बरी झालीस आणि मला करटोली आणून दिलीस. त्या बाईकडून म्हणालीस. इतकी वर्षं झाली, आपण तिचं नाव घेतलं नाही. आज घेते. यमू, तू तेव्हा आलीस ना, मला पहिल्यांदा वाटलं की मी इथे खुर्ची उबवत बसलेली नाहीये.

मग तू दर बाजाराला येऊ लागलीस. शिराळी, कारली विकून झाली की रिकामी पाटी घेऊन. गावातल्या बायकांनी विचारलेले प्रश्न एसटीच्या तिकिटांच्या मागे लिहून आणायचीस. तिकिटावरची छापलेली अक्षरं महिन्याभरात उडून जायची, तुझी पेनाची राहायची. "पोराला हगवण, दूध बंद करायचं का." "पाळी गेली तरी अंगावरून जातं." "शुगरची गोळी गोड खाल्लं नाय तर सोडू का." मी कात्रण शोधायची, तू वहीत उतरवून घ्यायचीस, आणि मी खाली वाचनालयाचा गोल शिक्का मारायची.

तो शिक्का तुझीच आयडिया. गावात बायका विश्वास ठेवत नव्हत्या ना. यमूने लिहिलंय, यमू काय डॉक्टर आहे का, असं म्हणायच्या. म्हणून तू एकदा हट्टाला पेटलीस की याच्यावर तुमचा तो गोल छाप मार. मी म्हटलं, अगं हा पुस्तकांवर मारायचा असतो, मला समिती जाब विचारेल. "मग मी काय पुस्तकापेक्षा कमी वाचते का?" मी मारला. पुढच्या बाजाराला तू सांगितलंस की आता सगळ्या विचारतात, शिक्का आहे का. शिक्का नसेल तर ऐकत नाहीत. मग तू घरूनच उत्तरासाठी जागा सोडून, खाली हातातली बांगडी ठेवून पेनाने गोल काढून आणायला लागलीस, म्हणजे मी अक्षरांवर शिक्का मारून घाण करू नये. तुझी बांगडी मोठी, माझा शिक्का लहान. गोलात गोल बसायचा. मला त्या वहीचा कोण अभिमान होता.

तुझ्या दिराच्या मुलीला शेतात साप चावला तेव्हा त्याच वहीने ती वाचली. कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका, चालवू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात न्या. मोबाइलवर तेव्हा एक व्हिडिओ फिरत होता, ब्लेडने कापून रक्त काढायचा. दीर ब्लेड घेऊन बसलाही होता. तू त्याच्यासमोर वही धरलीस आणि शिक्क्यावर बोट ठेवलंस. पोरगी आज कॉलेजात जाते. ही गोष्ट तू मला इतक्यांदा सांगितलीस की मी कंटाळले होते. आता कुणी सांगितली तर मी दिवसभर ऐकेन.

तिथूनच आपलं भांडण सुरू झालं, आठवतं? मोबाइलचं. दीपालीने तुला फोन घेऊन दिला आणि तू त्याच्याशी बोलून विचारायला शिकलीस. लिहायचं नाही, बटण दाबायचं आणि विचारायचं. तो लगेच उत्तर देतो म्हणून तुला भारी कौतुक. "तुझ्यासारखा चष्मा शोधत बसत नाय. आणि दुपारी बंद पण नसतो." मी चिडायची. तो म्हणे लसणाने हृदयाची नळी उघडते, तो म्हणे काळी मिरी चघळली की डेंगी जातो. तुझ्या गावच्या ग्रुपवर असलं दिवसाला दहा यायचं, अर्धं गुजरातीतून. तू ते सगळं मला आणून दाखवायचीस आणि मी तुझी बिनपाण्याने करायची.

शेवटी मी तुला चार प्रश्न पाठ करायला लावले. हे कोण सांगतंय, त्याचं नाव आणि डिग्री आहे का? कधीचं आहे? तो काही विकतोय का? आणि दुसरं कुणी जाणतं माणूस हेच म्हणतंय का? तू ते पाढ्यासारखे म्हणायचीस. पण भांडण काही मिटलं नाही. तुझं म्हणणं, तुझी कात्रणं म्हातारी झाली, त्यात नवे आजार नाहीत. माझं म्हणणं, तुझा मोबाइल बिननावाचा आहे, त्याला विचारणार कोण की बाबा तू कोण. त्यावर एकदा तू म्हणालीस, "हेमे, पण कधी तो बरोबर असला तर?"

मी म्हटलं, "तर माझ्याकडे आण. मी बघते आणि शिक्का मारते."

हा नियम मी केला. मोबाइलने काहीही सांगितलं तरी आधी मला विचारायचं. तू तो शेवटपर्यंत पाळलास.

त्या फोटोचं सांगते. आपल्या वाचनालयाचा तालुक्याला सत्कार झाला होता. आरोग्याची माहिती गावोगाव पोचवली म्हणून शाल, नारळ. मी तुला ओढत स्टेजवर नेलं. तू पाटी सोडायला तयार नव्हतीस, आत दोन जुड्या मेथी उरली होती, कुणी उचलेल म्हणून. तशीच काखेला पाटी लावून माझ्या शेजारी उभी राहिलीस. फोटो पेपरात शेवटच्या पानावर आला. तू दुसऱ्या दिवशी बाजार नसताना आलीस. पेपर हातात घेऊन किती वेळ बघत होतीस. म्हणालीस, "कापून फाइलीच्या पहिल्या पानावर चिकटव. म्हणजे उघडली की आपण दोघी." मी त्याच दिवशी कापला, भरपूर खळ लावली, दाबून बसवला. तू वरून हात फिरवलास. माझ्याकडे आपल्या दोघींचा तेवढा एकच फोटो.

आता तो फोन.

आवणीचे दिवस होते. तू बाजाराला आली नव्हतीस. मला वाटलं, भात लावायचा घाईचा वेळ, कंबरेत वाकून बायका दिवसभर चिखलात असतात, तिला कुठली सवड. दुपारी बारा वाजता मी वाचनालय बंद करत होते. पिशवीत सकाळी कोळणीकडून घेतलेली मांदेली होती आणि तिचा वास सुटायला लागला होता. मला घरी जायची घाई होती. हे मुद्दाम लिहितेय. माझी घाई कशाची होती ते तुला कळू दे.

"हेमे, चार दिवस ताप आहे. पोटऱ्या जाम दुखतात, उभं राहवत नाय. आज डोळे पिवळे दिसतात असं दीपाली म्हणते."

मी म्हटलं, "कावीळ झाली तुला."

"मोबाइलला विचारलं. तो म्हणतो लगेच दवाखान्यात जा. शेतातल्या पाण्यातून होतं म्हणतो, उंदराच्या मुताने. मी म्हटलं आधी तुला विचारते."

मी हसले. यमू, मी हसले. "त्याला सर्दी सांगितली तर तो कॅन्सर सांगेल. नाव आहे का सांगणाऱ्याचं?"

तू म्हणालीस, "नाव नाय."

मी उभ्या उभ्या फाइल उघडली. काविळीचं कात्रण मला पान न शोधता सापडायचं. मोठं, चौकट असलेलं, पोटविकाराच्या डॉक्टरांनी लिहिलेलं, नाव, डिग्री, वर मी माझ्या हाताने लिहिलेली तारीख. चारही प्रश्नांत पास. मी तुला खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. बहुतेक कावीळ विषाणूंमुळे होते. तिच्यावर विशेष औषध नाही. विश्रांती घ्यावी, उकळलेलं पाणी प्यावं, हलका आहार घ्यावा, नाकात औषध घालणं, माळ घालणं असल्या प्रकारांच्या नादी लागू नये, घाबरून जाऊ नये. बहुतांश रुग्ण आपोआप बरे होतात.

"झोपून राहा चार दिवस," मी म्हटलं. "उसाचा रस पी, पण घरचा, गाड्यावरचा नको. आणि माळ घालणाऱ्याकडे गेलीस तर तंगडी तोडीन."

तू म्हणालीस, "बरं. लिहून घेतलं. शिक्का मारतेस ना?"

"मारला समज," मी म्हटलं, आणि फाइल बंद केली.

तू दोन दिवस झोपून राहिलीस. मी सांगितलं म्हणून राहिलीस. भावजी दवाखान्यात नेतो म्हणत होते, दीपाली रडत होती, आणि तू त्यांना म्हणालीस की हेमाने वाचून दाखवलंय, घाबरायचं नाय. हे मला दीपालीने बाराव्याला सांगितलं. तुझ्या धीराचं कौतुक म्हणून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी तुझी लघवी बंद झाली. डहाणूला आणलं तेव्हा मी धावत आले. डॉक्टर तरुण होते, चांगले होते, मनापासून धडपडत होते. लेप्टो म्हणाले, उंदराच्या मुताने होतो तोच. किडनीवर गेलंय, मशीन लागेल, पुढे वलसाडला न्या. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "दोन दिवस आधी आणलं असतं तर बघता आलं असतं." त्यांना वाटलं मी तुझी बहीण. गाडीत तू माझा हात धरला होतास. तुझे डोळे हळदीसारखे झाले होते आणि तरी तू मला काहीतरी सांगायला बघत होतीस. मी म्हटलं, बोलू नकोस, दम लागेल. तलासरी मागे पडली. वलसाड अजून बरंच लांब होतं. तुझा हात सैल झाला तेव्हा मला वाटलं तू झोपलीस.

मी तुला बोलू का दिलं नाही? आयुष्यभर तुझं तोंड बंद करत आले, एकदा तरी गप्प बसायचं होतं मी.

बाराव्याहून मी घरी न जाता वाचनालयात आले. मला बघायचं होतं मी तुला नक्की काय वाचून दाखवलं. कदाचित मीच घाईत एखादी ओळ खाल्ली असेल. कात्रण काढलं. ओळ ओळ बोटाने वाचली. एकही सुटली नव्हती. मला जरा बरंसुद्धा वाटलं, काय सांगू तुला. मग चौकटीच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, खळीने पिवळा पडलेला बारीक मजकूर दिसला. पान सातवर.

लेख तिथे संपत नव्हता. उरलेला पान सातवर होता आणि ते मी कापलंच नव्हतं. इतकी वर्षं मी अर्धा लेख लोकांना वाचून दाखवत होते आणि खाली शिक्का मारत होते.

मी सगळी फाइल उलथीपालथी केली. त्या वर्षीचे पेपर केव्हाच रद्दीत गेले. तुझी आठवण येऊन मोबाइलवरसुद्धा शोधलं, चार प्रश्न विचारत. त्या पेपरचे इतके जुने अंक तिथे नव्हते. मग माझं लक्ष मी लिहिलेल्या तारखेवर गेलं. ती तारीख मला ओळखीची होती. मी फाइलीचं पहिलं पान उघडलं. आपल्या फोटोखाली तीच तारीख.

आपला फोटो शेवटच्या पानावर आला होता, आठव्या. सातवं पान त्याच्याच पाठीला. ज्या दिवशी आपण दोघी पेपरात आलो, त्याच दिवशी तो लेख आला होता. मी आधी लेख कापला, मग तू आलीस, मग फोटो कापला. लेखाचा उरलेला तुकडा आपल्या पाठीमागे होता आणि मी त्याला भरपूर खळ लावून रजिस्टरला चिकटवून टाकलं.

खळ पाण्याने सुटते. ओलं फडकं ठेवून मी बसले. फोटो काढायचा की नाही, यावर फार विचार केला असं सांगितलं तर खोटं होईल. काढला. कागद जुना, हातात येईना. कडेपासून सोडवत गेले. माझा अर्धा भाग निघाला, तुझ्याकडचा लगदा झाला. तुझी पाटी राहिली, तू नाही राहिलीस. उलटा करून टेबलाच्या काचेवर ठेवला आणि वाचला, जेवढा उरला होता तेवढा.

"मात्र काविळीसोबत जोराचा ताप, पोटऱ्यांमध्ये तीव्र वेदना, डोळे लाल होणे, लघवी कमी होणे अशी लक्षणे असल्यास, विशेषतः रुग्णाने शेतात किंवा साचलेल्या पाण्यात काम केले असल्यास, ही साधी कावीळ समजून घरी थांबू नये. त्याच दिवशी"

पुढचं फाटलं. पुढचं मला वाचायची गरजही नव्हती.

तुझा मोबाइल बरोबर होता. डॉक्टरही बरोबर होते, त्यांनी सगळं लिहिलं होतं. मी चार प्रश्न केले आणि तुला पाठ करायला लावले, आणि स्वतःला एवढं विचारलं नाही की हे इथेच संपतं का. ज्याला नाव नव्हतं त्याला मी हसले, आणि ज्याला नाव होतं त्याचं अर्धंच तुला दिलं. तू शंका घेतली नाहीस. तू कधी माझ्यावर शंका घेतली नाहीस, हाच तुझा मूर्खपणा. शाळेतही माझी गणितं उतरवून मार खायचीस.

लोक म्हणतील, तुझी चूक नाही हेमाताई. आयुष्य तेवढंच होतं तिचं. म्हणूनच मी लोकांना सांगितलं नव्हतं. माझी कुणी समजूत घातलेली मला नको होती.

काल दीपाली आली. तुझी वही घेऊन आली होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून. म्हणाली, "मावशी, बायका म्हणतात आता मी येत जावं आईच्या जागी. मला आईएवढं जमायचं नाय, पण लिहून नेईन." दोन तिकिटंही होती तिच्याजवळ, मागे प्रश्न लिहिलेली. अक्षर तुझ्यासारखंच, फक्त जरा तिरकं. मग तिने वहीचं शेवटचं लिहिलेलं पान उघडलं आणि माझ्यासमोर सरकवलं.

"कावीळ. विश्रांती. उकळलेलं पाणी. उसाचा रस घरचा. माळ नको. आपोआप बरं होतं. हेमाने वाचून दाखवलं."

तापात लिहिलेलं, ओळी उतरत गेलेल्या. आणि खाली तुझ्या बांगडीचा गोल. तेवढ्या तापातही तू बांगडी ठेवून गोल काढला होतास. आत काही नाही.

दीपाली म्हणाली, "एवढा एकच राहिलाय मावशी. मारून द्या. शेवटचं आईचं आहे."

मी खण उघडला. शिक्का हातात घेतला. शाईच्या पॅडवर टेकवलासुद्धा. तिने पान दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं, हलू नये म्हणून, जसं तू धरायचीस. मला ते नाही जमलं यमू. मी शिक्का खाली ठेवला आणि तिला म्हटलं, बस. आणि सगळं सांगितलं. फोन, मांदेली, माझं हसणं, पान सात, फोटो. काचेवरचा तुकडा दाखवला. तिने तो वाचला. "त्याच दिवशी" या शब्दांपर्यंत आली आणि पुढे काही नाही म्हटल्यावर कागद उलटा करून पाहिला. पलीकडे तुझी पाटी आणि माझी शाल.

मी वाट बघत होते. तिने मला दोन शिव्या द्याव्यात, वही तोंडावर फेकावी, गावात जाऊन सांगावं. त्याची मी तयारी केली होती. तिने तुकडा काचेवर परत ठेवला. वही मिटली, पिशवीत घातली, पिशवीला गाठ मारली. दारापर्यंत गेली. तुझी पाटी जिथे असायची त्या पायरीवर उभी राहिली आणि वळून मला विचारलं. रागाने विचारलं नाही, रागाने विचारलं असतं तर बरं झालं असतं. दोन तिकिटं अजून तिच्या हातात होती.

"मग मावशी, आता आम्ही कुणाला विचारायचं?"



तुझी,
हेमा